फ्रेंच फुलांची नक्षी: आधी देठ पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला प्रोजेक्टसाठी ‘विसाव्या शतकाच्या सुरुवातीची फ्रेंच फुलांची नक्षी’ हा विषय मिळाला आहे. तिने ग्रासे, व्हेर्नोय, सेगी या त्या काळच्या डिझाइनरांच्या प्लेट्स (नक्षीची सुटी छापील पानं) ऑनलाइन पाहिल्या, घरच्या कुंडीतली जास्वंद घेतली आणि तसं काहीतरी काढून पाहिलं. पण ते लग्नपत्रिकेवरच्या फुलासारखं दिसतं, अशी तिची तक्रार आहे. शिवाय आर्ट नूव्होचं फूल कुठलं आणि आर्ट डेकोचं कुठलं, हे झटकन ओळखायचं कसं, हेही तिला हवं आहे.

छापील कापडाची डिझाइनं करण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि आता थोडं शिकवतेही, म्हणून लिहिते. दोन्ही प्रश्नांची किल्ली एकाच ठिकाणी आहे. देठ पाहा. साधारण 1895 ते 1905 या काळातल्या, म्हणजे आर्ट नूव्होच्या, फ्रेंच नक्षीत देठ राज्य करतो, फूल त्याच्या टोकाला येतं. 1910 नंतर हळूहळू देठ छाटला जातो, आणि 1925 पर्यंत, म्हणजे आर्ट डेकोत, नुसती फुलांची डोकी उरतात: गोल, सपाट, एकमेकांना खेटून बसलेली. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, पण एखाद्या प्लेटवर तारीख नसेल तर मी पहिल्यांदा हेच बघते.

आता तुमच्या जास्वंदीकडे येऊ. शैलीकरण म्हणजे तपशील कमी करणं, असं बहुतेकांना वाटतं. म्हणून ते फूल समोरून काढतात, पाच सारख्या पाकळ्या करतात, मधे एक ठिपका देतात आणि रंग सपाट भरतात. हे शैलीकरण नव्हे, ही गाळणी आहे, आणि या गाळणीतून नेमका जास्वंदीचा जास्वंदपणाच निघून जातो. उरतं ते कुठलंही पाचपाकळी फूल. फ्रेंच मंडळींची पद्धत उलट दिशेने जायची. आधी झाडाची रचना शोधायची, त्यातली एक-दोन वैशिष्ट्यं पकडायची, ती चक्क वाढवायची, आणि मग बाकीचं गाळायचं.

या पद्धतीचे मोठे गुरू ओजेन ग्रासे. जन्माने स्विस, 1845 सालचे, लोझानचे. काम सगळं पॅरिसमधलं. लारूस शब्दकोशावर म्हातारीच्या कापसासारखी डँडेलियनची बोंडं फुंकणारी बाई असते ना, ती मूळ यांनीच 1890 मध्ये काढलेली. ते पॅरिसच्या गेरँ शाळेत शिकवत असत, आणि 1896 मध्ये त्यांनी ‘ला प्लांत ए से झाप्लिकास्याँ ऑर्नमांताल’ हा प्लेट्सचा संच काढला. त्यात 24 वनस्पती आहेत आणि 72 प्लेट्स. म्हणजे एका झाडाला तीन प्लेट्स. पहिल्या प्लेटवर झाड जसं आहे तसं: मूळ, कळी, पानाची मागची बाजू, बी, सगळं. पुढच्या दोन प्लेट्सवर त्याच झाडाचे उपयोग: भिंतीचा कागद, फरशी, रंगीत काच, लोखंडी जाळी, कापड. यातल्या बऱ्याचशा प्लेट्स त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या आहेत आणि त्यांत मुलीही होत्या.

ऑनलाइन बघताना लोक नेमकी पहिली प्लेट वगळतात, कारण ती ‘साधी’ दिसते. माझ्या मते सगळं शिक्षण तिथेच आहे. पहिली आणि दुसरी प्लेट शेजारी ठेवा आणि शोधा: काय ठेवलंय, काय टाकलंय, काय फुगवलंय. आयरिसच्या बाबतीत तलवारीसारखी उभी पानं ठेवली जातात, कारण त्यांच्यामुळे पट्ट्याची उंची मिळते. भोपळ्याच्या वेलीत ताणे (आधार धरणारे तंतू) इतके लांबवले जातात की फुलांमधली सगळी रिकामी जागा तेच बांधून घेतात.

अर्थात ग्रासे आकाशातून पडले नव्हते. फ्रान्समध्ये व्हिक्टर रुप्रिश-रोबेर यांनी 1866 पासूनच ‘फ्लोर ऑर्नमांताल’ काढून झाडाची गाठ, कळी, पानाचा जोड यांवरून अलंकार कसा उभा राहतो ते दाखवलं होतं. पण ते आर्किटेक्ट. त्यांच्या रेषा दगडात कोरायच्या हिशोबाने चालतात. ग्रासेंनी तीच शिस्त रंगात आणि कापडात आणली.

दुसरं टोक म्हणजे नान्सी शहर आणि एमिल गाले (1846–1904). काच, मातीची भांडी, लाकूडकाम असा त्यांचा व्याप. गाले हे नुसते फुलांचे शौकीन नव्हते. वनस्पतिशास्त्र त्यांनी रीतसर अभ्यासलेलं होतं आणि नान्सीच्या उद्यानशास्त्र मंडळाचे ते पदाधिकारीही होते. 1901 मध्ये ‘एकोल द नान्सी’ ही संघटना उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. तिकडच्या कामात एक रानटी झाड सारखं भेटतं, हॉगवीड. कोथिंबिरीच्या कुळातलं, छत्रीसारख्या तुऱ्याचं. आपल्याकडे बडीशेपेचा किंवा कोथिंबिरीचा फुललेला तुरा बघा: एका बिंदूतून अनेक काड्या फुटतात आणि प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा तेच छोट्या आकारात. गालेंनी या रचनेचा टेबलाचा पाय केला, फुलदाणी केली. इथे फूल चिकटवलेलं नाही, झाडाच्या सांगाड्यावर वस्तू उभी आहे. 1885 ते 1888 या काळात ताकाशिमा होक्काई नावाचे जपानी अधिकारी वनशास्त्र शिकायला नान्सीत होते, ते चित्रकारही होते आणि गालेंचा त्यांच्याशी संबंध आला. जपानी छापील चित्रं आणि कागदी स्टेन्सिलं तर पॅरिसमध्ये तेव्हा भरपूर येत होती. रिकाम्या जागेलाही आकार असतो, हे फ्रेंच डिझाइनर तिथून शिकले.

1900 च्या आसपासचा नमुना कसा वाचायचा ते सांगते. पेन्सिल घ्या आणि प्रिंटआउटवर फक्त देठ गिरवा. फुलं, पानं सोडून द्या. चांगल्या नमुन्यात देठांचीच एक जाळी तयार होते आणि ती न तुटता एका रिपीटमधून (नक्षीचा पुन्हा पुन्हा छापला जाणारा तुकडा) पुढच्या रिपीटमध्ये जाते. चाबूक झटकल्यासारखं ते प्रसिद्ध वळण म्हणजे दुसरं काही नाही, रिपीटचा सांधा लपवण्याचा हा फार हुशार मार्ग आहे. रेषा कडेला जाऊन थांबत नाही, वळून परत येते, त्यामुळे डोळ्याला चौकोन सापडत नाही. पैठणीतली असावली ज्यांनी नीट पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. वेल काढून घेतली की उरतात त्या सुट्या बुट्ट्या.

ग्रासेंचे विद्यार्थी मोरिस पिलार व्हेर्नोय (1869–1942) यांनी पुढचं पाऊल टाकलं. ‘एत्युद द ला प्लांत’ या त्यांच्या ग्रंथात झाडाचा अभ्यास आधी येतो आणि मग एकेका उद्योगाप्रमाणे तेच झाड बदलत जातं. काचेत शिशाच्या पट्ट्या येणार म्हणून बाह्यरेषा जाड, लोखंडात पातळ पान टिकणार नाही म्हणून पानाला घडी, आणि असंच पुढे. साधनाने आकार ठरवायचा, हा धडा विद्यार्थ्यांना सांगून पटत नाही, त्या प्लेट्स पाहून पटतो. व्हेर्नोय, ऑरिओल आणि म्युखा या तीन डिझाइनरांनी मिळून आरशाने नक्षी वाढवण्याचाही एक संच काढला होता. प्लेटवर आरसा उभा धरायचा, तो सरकवत न्यायचा, की दर वेळी नवी सममिती. आज स्क्रीनवर ‘मिरर’चं बटण दाबून जे होतं तेच, फक्त आरसा तिरपा करता येतो. घरातला छोटा आरसा घेऊन करून बघा. सॉफ्टवेअरपेक्षा जास्त सुचतं, असा माझा अनुभव आहे.

मग हा देठ गेला कुठे?

पहिलं कारण कंटाळा. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनानंतर ती नागमोडी रेषा स्वस्त फर्निचरवर, बिस्किटाच्या डब्यांवर, सगळीकडे आली. फ्रेंच लोकच तिला ‘नूडल शैली’ म्हणून चिडवू लागले. दुसरं कारण, बाहेरून आलेली हवा. ग्लासगोत आर्किटेक्ट मॅकिंटॉश यांच्या मंडळींनी आणि व्हिएन्नात आर्किटेक्ट हॉफमन यांच्या कंपूने फुलाला भूमितीत बसवून दाखवलं होतं. तिसरं म्हणजे रंग. 1909 मध्ये रशियन बॅले पॅरिसला आला, 1910 मध्ये ‘शेहेराझाद’ झालं, आणि त्याच्या नेपथ्य आणि वेशभूषा करणाऱ्या बाक्स्टच्या रंगांनी फिकट जांभळ्या-ऑलिव्ह रंगांची सद्दी संपवली. (फॅशन डिझाइनर पोल प्वारे यांचा दावा असा की भडक रंग त्यांनी आधीच आणले होते, बाक्स्टचा त्यात काही हात नाही. दोघांच्याही बाजूने बोलणारे लोक आहेत.)

1908 मध्ये प्वारे यांच्या कपड्यांचा एक अल्बम निघाला, चित्रं पोल इरिब यांची. याच इरिब यांच्या हातची गुलाबाची खूण पुढे इतकी पसरली की तिला ‘इरिब गुलाब’ असंच नाव पडलं. ती जवळून पाहण्यासारखी आहे. एक जवळजवळ पूर्ण वर्तुळ. आत पाकळ्या अशा की चंद्रकोरी एकमेकींत अडकवल्या आहेत, बाहेरून आत गुंडाळत जाणाऱ्या. छटा नाही, दव नाही, काटा नाही. देठ असलाच तर कापलेला, आणि दोन-तीन पानं फक्त वर्तुळाला टेकू द्यायला. गंमत अशी की हा गुलाब खोटा वाटत नाही. कारण गुलाबाची खरी रचना, म्हणजे पाकळ्यांचं एकावर एक गुंडाळलेलं असणं, इरिब यांनी टाकली नाही. उलट तेवढीच ठेवली. ग्रासेंचीच पद्धत, फक्त कात्री कितीतरी पुढे नेलेली.

1911 मध्ये प्वारे यांनी दोन उद्योग सुरू केले, आणि माझ्या मते फुलांच्या नक्षीची दिशा त्या वर्षीच बदलली. पहिला उद्योग ‘एकोल मार्तीन’, मुलीच्या नावाने. कामगारवस्तीतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुली घेतल्या. त्यांना वनस्पती उद्यानात, बागांत, बाजारात न्यायचं आणि दिसेल ते काढू द्यायचं. चित्रकार सेरुझिए यांच्या पत्नी आधी शिकवायला होत्या, पण प्वारे यांना शिकवणंच नको होतं. शिस्तीने मुलींचा हात बिघडेल अशी त्यांना भीती. आवडलेल्या चित्राचे मुलीला पैसे मिळत, आणि त्यावरून कापड, वॉलपेपर, गालिचे बनत. मार्तीनची फुलं बघताना ‘शिकलेल्या’ रेषेची अनुपस्थिती लगेच जाणवते. झेंडूएवढी डेझी, कोबीएवढा गुलाब, प्रमाण सगळं मनाचं, आणि मधे मोकळी जागा जवळपास नाहीच. हे स्वातंत्र्य मोहक आहे, पण विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलींच्या चित्रांचं कापडात रूपांतर करणारे कसबी लोक मागे उभे होते. नुसत्या निरागसतेने कापड छापलं जात नाही.

दुसरा उद्योग ‘पतीत युझिन’, म्हणजे छोटा कारखाना. क्लिशी बुलेव्हारवर, चित्रकार राउल द्युफी यांच्यासाठी काढलेला. द्युफी फॉव्ह या भडक रंग वापरणाऱ्या चित्रकारांच्या गटातले, आणि नुकतेच त्यांनी कवी अपोलिनेर यांच्या प्राण्यांवरच्या कवितांसाठी लाकडी ठसे कोरले होते. तोच हात कापडावर आला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ‘ला पर्स’ नावाचा 1911 चा कोट आहे, कापड द्युफींचं, शिवण प्वारे यांची. फोटो मोठा करून बघा. ठशाने छापलेलं, गडद निळं आणि पांढरट, बस. पाना-फुलांचे आकार अंगभर, हाताच्या पंजाहून मोठे. आत छटा द्यायची तर रंग पातळ केलेला नाही. ठसा कोरताना छिन्नीच्या रेघा सोडल्या आहेत आणि त्या पांढऱ्या रेघाच पाकळीला गोलाई देतात. ठशाला बारीक, लांब, सलग देठ परवडत नाही. कोरताना तो तुटतो, छापताना भरून येतो. म्हणून देठ आखूड होतो, जाड होतो, किंवा पानाखाली लपतो. देठ नाहीसा होण्यामागे सौंदर्यदृष्टी होती तशी ही लाकडाची अडचणही होती, आणि पुस्तकांत या बाजूवर फार कमी लिहिलं जातं.

पुढच्याच वर्षी, 1912 मध्ये, लिओंच्या ‘बियांकिनी-फेरिए’ या रेशीम कंपनीने द्युफींना करारावर घेतलं आणि तो करार 1928 पर्यंत चालला. छोट्या कारखान्याचा प्रयोग असा मोठ्या यंत्रावर गेला.

1912 मध्येच आंद्रे व्हेरा यांचा ‘नवी शैली’ हा लेख आला. नव्या शैलीची खूण म्हणून त्यांनी सुचवली ती फुलाफळांची टोपली आणि माळ. त्या काळच्या लिखाणात इतकी नेमकी भाकितं क्वचित खरी ठरतात, पण ही ठरली. पुढची बारा-तेरा वर्षं फ्रेंच सजावटीत टोपल्याच टोपल्या आहेत: दरवाज्यांच्या वर, खुर्च्यांच्या पाठीवर, अत्तराच्या खोक्यांवर. तर्क सरळ आहे. देठ कापला की फुलं धरायला काहीतरी हवं. वेलीचं काम टोपली करू लागली.

युद्धामुळे मधली वर्षं गेली. 1919 मध्ये लुई सुए आणि आंद्रे मार यांनी ‘कंपनी दे झार फ्राँसे’ ही सजावटीची कंपनी काढली. त्यांचा गुलाब इरिब यांच्या गुलाबापेक्षा जाडजूड, सुखवस्तू. मला तो फारसा आवडत नाही. पण फर्निचर डिझाइनर रुलमन यांचं कोपऱ्यात ठेवायचं कपाट मात्र कितीही वेळा बघावं. डिझाइन 1916 चं, एक प्रत ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. जांभळट अमरँथ लाकडाचं पुढचं दार, त्यावर हस्तिदंत आणि काळ्या एबनी लाकडात जडवलेला भरगच्च फुलदाणीचा गुच्छ. हस्तिदंताला छटा नसते, त्याचा प्रत्येक तुकडा एकाच रंगाचा. म्हणून फूल फक्त कडेच्या आकारावरून ओळखू यायला हवं. तिथे फुलं एकमेकांवर चढत नाहीत, प्रत्येकाला स्वतःची बाह्यरेषा पुरी मिळते, आणि मधल्या फटीतून लाकूड दिसत राहतं. विरोधाभास एवढा की गुच्छ दाट वाटतो, पण एकही फूल दुसऱ्याला झाकत नाही. दाट दिसणारं पण स्वच्छ छापलं जाणारं डिझाइन करायचं असेल तर याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही.

1925 चं पॅरिसचं सजावटी कलांचं प्रदर्शन हा या सगळ्याचा कळस. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे 1 कोटी 60 लाख लोकांनी पाहिलं. जुन्या शैलींची नक्कल चालणार नाही, ही प्रवेशाची अट होती. मोठ्या दुकानांचे स्वतःचे स्टुडिओ तिथे दालनं घेऊन उभे होते: प्रँताँचा ‘प्रिमाव्हेरा’, बाँ मार्शेचा ‘पोमोन’, गालरी लाफायेतचा ‘ला मेत्रीझ’. म्हणजे हे फूल तोवर दुकानातून मध्यमवर्गीय घरात जायला तयार झालं होतं. प्वारे यांनी सेन नदीवर तीन नावा सजवल्या, एकीसाठी द्युफींनी मोठे पडदे केले. प्वारे यांचं त्यात दिवाळं वाजायची वेळ आली, तो भाग वेगळा. एदगार ब्राँत यांचा लोखंडी पडदाही इथलाच, मधे गोठलेलं कारंजं आणि भोवती पानाफुलांचे वेढे. ते कारंजं मुंबईकरांना ओळखीचं वाटेल. 1930 च्या दशकातल्या ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्ह परिसरातल्या इमारतींच्या जाळ्यांत आणि दर्शनी भागांवर त्याची भावंडं भेटतात. त्या भागाला 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे.

तुम्ही पाहिलेल्या रंगीबेरंगी प्लेट्सबद्दल आता थोडं सावधपणे. 1910 ते 1930 या काळातले हे बहुतेक संच ‘पोश्वार’ने छापलेले आहेत. पोश्वार म्हणजे स्टेन्सिल. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यात एकेका रंगाचा आकार कापायचा आणि ब्रशने हाताने रंग भरायचा. प्रत्येक रंगाला वेगळा पत्रा. झाँ सोदे हे त्यातले नामांकित कसबी, 1925 मध्ये त्यांनी या तंत्रावर ग्रंथच लिहिला. या तंत्राने रंग गच्च, अपारदर्शक बसतो, थोडासा वर उठलेला. त्या तजेल्यामुळे लोक प्लेटच्या प्रेमात पडतात. पण प्लेट म्हणजे कापड नव्हे. कारखानदारांना, दुकानांच्या स्टुडिओंना कल्पना सुचाव्यात म्हणून हे संच विकले जात. त्यातले बरेच नमुने रिपीटमध्ये बसवलेलेही नाहीत, एका चौकटीत कापलेले तुकडे आहेत. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘त्या काळचं कापड’ म्हणून सेगींची प्लेट लावू नका. कापड दाखवायचं असेल तर संग्रहालयातलं कापड लावा.

एमिल-आलँ सेगी मात्र तुमच्या विषयासाठी सोन्यासारखे आहेत, कारण सगळा प्रवास एकाच माणसात दिसतो. शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी ‘ले फ्लर ए लर झाप्लिकास्याँ देकोरातीव्ह’ काढलं, ते सरळ ग्रासेंच्या वळणाचं: देठ, वेढे, सौम्य रंग. 1914 चं ‘समरकंद’ पौर्वात्य रंगांनी पेटलेलं. 1920 च्या दशकातल्या ‘बुके ए फ्राँदेझाँ’मध्ये फुलांची डोकी नुसती रचलेली. आणि 1930 च्या सुमाराचं ‘प्रिझ्म’, त्यात फुलाचा मागमूस शोधावा लागतो. चार प्लेट्स, एकेका संचातली एकेक, शेजारी लावल्या तरी तुमचं अर्धं प्रेझेंटेशन तयार. एक सूचना: फुलपाखरांचे आणि कीटकांचे सुंदर संच याच सेगींचे, पण इंटरनेटवर ते सर्रास कीटकशास्त्रज्ञ ओजेन सेगी यांच्या नावावर टाकलेले असतात. ती दोन वेगळी माणसं.

एदुआर बेनेदिक्त्युस यांचे संचही पाहा. 1920 च्या दशकातले ‘व्हारियास्याँ’ आणि 1930 चं ‘रले’. यांची फुलं ढगासारखी एकमेकांत मिसळतात, पाकळी कुठे संपली आणि पान कुठे सुरू झालं ते कळत नाही. जाता जाता, मोटारीची काच फुटली तरी अंगावर उडत नाही, त्या थर दिलेल्या काचेचं पेटंट 1909 मध्ये घेणारे बेनेदिक्त्युस ते हेच.

आता जास्वंद पुन्हा हातात घ्या, आणि समोरून काढण्याचं सोडून द्या. तिला तीन गोष्टी आहेत ज्या दुसऱ्या फुलाला अशा एकत्र नसतात. एक, पाकळ्या एकाच दिशेने एकमेकींवर चढलेल्या असतात, प्रत्येकीची एक कड वर आणि एक खाली. कळीत तर हा पीळ अगदी स्पष्ट दिसतो. दोन, मधली पुंकेसरांची नळी, फुलाच्या बाहेर डोकावणारी, टोकाला पाच लाल ठिपके. तीन, पानाची कड पुढच्या भागात करवतीसारखी आणि देठाजवळ मात्र गुळगुळीत. शिवाय फूल पानाच्या बगलेत एकेकटं येतं, घोसाने नाही. हे सगळं एका कागदावर ग्रासेंच्या पहिल्या प्लेटसारखं मांडा. कळी उभी कापून तीही काढा.

मग 1900 च्या पद्धतीने: फांदी आधी टाका, एक लांब वळण, त्यावर पानं आळीपाळीने. फूल बाजूने दाखवा म्हणजे नळी बाहेर येईल, आणि त्या नळीचा बाक पुढच्या फुलाच्या देठाला जाऊन मिळू द्या. रिपीट हाफ ड्रॉप ठेवा, म्हणजे शेजारची उभी रांग अर्ध्या मापाने खाली सरकवा. सरळ रिपीटमध्ये अशा वळणांच्या आडव्या रांगा पडतात आणि पडद्यावर लांबून त्या पट्ट्यासारख्या दिसतात. तीन किंवा चार रंग, बाह्यरेषा पार्श्वभूमीपेक्षा गडद पण काळी नको.

1920 च्या पद्धतीने: देठ फेकून द्या. वर्तुळ घ्या, त्यात पाच कोयता-आकार एकाच दिशेने फिरवा, पीळ हाच तुमचा इरिब गुलाब. नळी मधून बाहेर न काढता वर्तुळावर आडवी टाका, पाच ठिपके तिच्या टोकाला. मोठी, मधली, लहान अशा तीन मापांची वर्तुळं करा आणि रुलमन यांच्या गुच्छासारखी न झाकता खेटून बसवा. फटीत फक्त करवती पानांची टोकं. काळी पार्श्वभूमी, केशरी, गुलाबी, एक थंड हिरवा. इथे रिपीट मोठं हवं. रोटरी स्क्रीनवर (फिरत्या जाळीदार नळकांड्याने छापण्याच्या यंत्रावर) काम करणार असाल तर 64 सेंटिमीटर घेरात बसेल असं धरा, त्याचे बरोबर भाग पडतील असं माप ठरवा. पाकळ्यांमधली पांढरी फट किमान एवढी ठेवा की छापताना रंग पसरला तरी ती बुजणार नाही. सुती कापडावर हे आधी छोट्या तुकड्यावर छापून बघितल्याशिवाय कळत नाही.

दोन्ही झाल्यावर मैत्रिणीला दाखवा आणि फुलाचं नाव विचारा. ‘जास्वंद’ म्हणाली तर जमलं. ‘फूल’ म्हणाली तर परत कळीकडे.

याच्या पुढचा काळ तुमच्या विषयाच्या बाहेर जातो, पण एक दुवा देऊन ठेवते. 1925 च्या प्रदर्शनातच सोनिया दलोने यांची भौमितिक कापडं होती आणि ल कोर्ब्युझिए यांचं अलंकारच नाकारणारं दालनही. 1929 मध्ये नव्या मंडळींनी वेगळी संघटना काढली. इंदूरच्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी जर्मन आर्किटेक्ट एकार्ट मुथेझियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा 1930 नंतर बांधून-सजवून घेतला, तेव्हा पॅरिसहून रुलमन यांचं टेबल आलं, दा सिल्वा ब्रून्स यांचे गालिचे आले. त्या गालिच्यांवर फूल नाही. पट्टे, कोन आणि वर्तुळं आहेत. मराठी राजघराण्याच्या हाती फ्रेंच सजावट आली ती फुलं निघून गेल्यावरची.

शेवटी, न विचारलेलं पण लागणारं. या प्लेट्स वापरता येतात का? आपल्या कायद्यात कलाकृतीचा हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो. ग्रासे 1917 मध्ये गेले, बेनेदिक्त्युस 1930 मध्ये, व्हेर्नोय 1942 मध्ये, सेगी 1951 मध्ये, द्युफी 1953 मध्ये. सगळ्यांचीच साठ वर्षं उलटून गेली आहेत, त्यामुळे अभ्यासासाठी प्रश्नच नाही. उत्पादनावर छापणार असाल तर ज्या संग्रहालयाचा फोटो उतरवला त्याच्या अटी वाचा, माल परदेशी जाणार असेल तर तिथली मुदतही बघा, आणि जुन्या कंपन्यांच्या संग्रहातून हल्ली पुन्हा छापली जाणारी डिझाइनं उचलू नका. जास्वंदीच्या दोन्ही आवृत्त्या झाल्या की स्केल लिहून पाठवा, रिपीटचे सांधे मी बघून देईन.